विद्यापीठाचं कलासंग्रहालय: वर्षाचा प्रदर्शन-हंगाम कसा आखायचा?

वहीचं_पान

विद्यापीठाच्या संग्रहालयात वर्षभरात कोणती प्रदर्शनं, कधी आणि किती दिवस, हे बहुतेक ठिकाणी पाहुण्यांच्या तारखा आणि सभागृहाची उपलब्धता बघून ठरतं. माझं म्हणणं असं, की ते भिंतीवर जे लागणार आहे त्याच्या तब्येतीवरून ठरावं. चर्चेसाठी एक नमुना संग्रह धरू: शे-दीडशे लिथोग्राफ (दगडावरून छापलेली चित्रं), पन्नासेक जलरंग, रविवर्मा प्रेसच्या काही ओलिओग्राफ (तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत छापील चित्रं), थोडी रंगीत छायाचित्रं, शिवाय दगड आणि टेराकोटाचं शिल्प. दोन दालनं, त्यातल्या एकातच एसी. सत्र जून-जुलैपासून, दिवाळीची सुट्टी, मग मार्चपर्यंत दुसरं सत्र.

माझा कच्चा आराखडा असा आहे. जुलै ते सप्टेंबर दगड, टेराकोटा आणि सिरॅमिक. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर कागदावरची कामं. मार्चमध्ये विद्यार्थ्यांची कामं. काही जण सगळ्यात मोठा कार्यक्रम १८ मे या आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिनाला ठेवतात. तेव्हा वर्ग रिकामे असतात, मुलं गावी गेलेली असतात. ती तारीख शहरातल्या पाहुण्यांसाठी ठेवावी, सत्राचं मुख्य प्रदर्शन तिला बांधू नये.

कुठे चुकतंय ते सांगा. आकडे द्या, म्हणजे ज्याला करायचं आहे त्याला उपयोग होईल.

लक्स_पन्नास

आराखड्याची दिशा बरोबर आहे, पण कागदाचं प्रदर्शन नोव्हेंबर-मध्य ते फेब्रुवारीअखेर म्हणजे पंधरा आठवडे झाले. एकच संच एवढा वेळ लावता येणार नाही. हिशोब मांडतो.

प्रकाशाचं नुकसान तीव्रता (लक्समध्ये) गुणिले तास असं मोजतात. सीआयई म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या १५७ क्रमांकाच्या, २००४ च्या मार्गदर्शक अहवालात अतिसंवेदनशील कामांसाठी मर्यादा ५० लक्स आणि वर्षाला १५,००० लक्स-तास दिली आहे. मध्यम संवेदनशील कामांसाठी ५० लक्स आणि १,५०,००० लक्स-तास. कमी संवेदनशील कामांसाठी २०० लक्स आणि ६,००,०००.

दालन रोज ७ तास, आठवड्याला ६ दिवस उघडं. ५० × ७ × ६ = २,१०० लक्स-तास आठवड्याला. १५,००० भागिले २,१०० म्हणजे सात आठवडे आणि थोडं. त्यामुळे अतिसंवेदनशील काम सात आठवड्यांनी उतरवायचं आणि पुढचं वर्षभर अंधारात ठेवायचं. पंधरा आठवड्यांत 'अ' संच सात आठवडे, एक आठवडा बदलासाठी, 'ब' संच सात आठवडे. नेमकं बसतं.

अतिसंवेदनशील म्हणजे काय: हळदीचा किंवा करडईच्या फुलांचा रंग असलेली कामं, स्केचपेनची रेखाटनं, बरीच रंगीत छायाचित्रं, ज्यांच्या रंगाची खात्री नाही असे जलरंग. काळ्या शाईचा, चिंध्यांच्या चांगल्या कागदावरचा लिथोग्राफ यात येत नाही, तो पंधराही आठवडे राहू शकतो. पण तोच लिथोग्राफ लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर असेल तर शाई टिकेल आणि कागद पिवळा पडेल. म्हणून वर्गवारी करताना रंग आणि कागद दोन्ही बघायचे.

आता जिथे हटकून घात होतो ती जागा. प्रदर्शन लावताना सुतार, इलेक्ट्रिशियन यांना काम दिसावं म्हणून सगळे मोठे दिवे चालू असतात, सहज ५०० लक्स. चार दिवस, रोज आठ तास, म्हणजे ५०० × ३२ = १६,००० लक्स-तास. उद्घाटनाच्या आधीच वर्षाचा कोटा संपला! चित्र भिंतीवर लागलं की त्यावर लगेच ब्राउनपेपर किंवा जाड सुती कापड टाकायचं आणि शेवटच्या दिवशी दिवे ५० वर आणल्यावरच काढायचं.

मोजमाप फोनच्या ॲपने करू नका, फोनागणिक आकडा बदलतो. साधा लक्समीटर घ्या, सेन्सर चित्राच्या पृष्ठाला समांतर, तोंड बाहेर, आणि पाच ठिकाणी मोजा: चार कोपरे आणि मध्य. स्पॉटलाइटखाली मधोमध ५० असतं तेव्हा वरच्या कडेला ९० मिळणं नवलाचं नाही.

सह्याद्रीचा_पाऊस

लक्स_पन्नास यांना अनुमोदन. आता दमटपणाकडे येऊ, कारण आपल्याकडे उजेडाइतकाच पाऊस छळतो.

हवेची सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकली की कागदावर आणि माउंटवर, म्हणजे चित्र ज्या पुठ्ठ्यात बसवतात त्यावर, बुरशी धरते. पुण्यात जून ते सप्टेंबर ती याच्या वर सहज असते, आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी ३० च्या खाली जाते. कोकणात, गोव्यात कोरडे महिने त्याहून कमी. मधला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच कागदाचा काळ, त्यामुळे मूळ आराखडा बरोबर आहे. ४५ ते ५५ टक्के हे लक्ष्य ठेवा, पण एका दिवसात १० टक्क्यांहून मोठी उडी नको, हे त्याहून महत्त्वाचं.

ती उडी एसीच मारतो. दहाला चालू, साडेपाचला कुलूप लावताना बंद. रात्री आर्द्रता चढते, सकाळी उतरते, कागद रोज फुगतो आणि आकसतो. चौकटीत घट्ट बसलेल्या चित्राला लाटा पडतात त्या यामुळे. रात्री एसी चालवता येत नसेल तर दिवसाही २५-२६ अंशांच्या खाली आणू नका. १८ वर ठेवून दार उघडलं की बाहेरची ओली हवा थंड काचेवर बसते. डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) असेल तर ५५ वर लावा आणि त्याची नळी थेट मोरीत सोडा. बादलीवर ठेवलेलं यंत्र बादली भरली की रात्री दोनला आपोआप बंद पडतं आणि सकाळपर्यंत कोणाला पत्ता नसतो.

बाहेरच्या भिंतीवर पावसाळ्यात कागद लावूच नये. इतर वेळीही चौकटीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना रबराची बटणं लावा, म्हणजे मागे हवा खेळते.

काचेच्या बंद पेटीसाठी सिलिका जेल (ओल शोषणारे खडे). ढोबळ नियम घनमीटरला २० किलो. ९० × ६० × ३० सेंटिमीटरची पेटी ०.१६ घनमीटर, म्हणजे सव्वातीन किलो. ते आधी ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत स्थिरावू देऊन मगच ठेवायचं. भट्टीतून काढलेलं कोरडं जेल तसंच टाकलं तर पेटीतला कागद करपल्यासारखा कडक होतो.

खळ_आणि_कागद

माउंटिंगबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त कायमचं नुकसान तिथे होतं.

चित्र माउंटला धरण्यासाठी जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. सेलोटेप नाही, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप नाही, फेव्हिकॉल नाही. टेपचा चिकटा काही वर्षांत कागदात उतरतो आणि त्याचा तपकिरी डाग कायमचा राहतो.

खळ: स्टार्च एक भाग, पाणी पाच भाग. अर्धा तास भिजू द्या. मंद आचेवर २० ते ३० मिनिटं सतत ढवळा. पांढरं दुधाळ जाऊन ती अर्धपारदर्शक आणि तकतकीत होते, कुरडईचा चीक शिजताना होतो तसाच बदल. गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोन-तीनदा दाबून काढा, मग थेंब थेंब पाणी घालत दाट सायीइतकी सैल करा. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते. पाणी सुटलं किंवा आंबट वास आला की फेकायची.

दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. मैद्याची खळ नको, त्यात ग्लूटेन राहतं, ते पिवळं पडतं आणि कसर त्यावर तुटून पडते. कुरडईचा चीकही नको, तो आंबवलेला असतो. आणि आपल्याकडचे बाइंडर किडीसाठी खळीत मोरचूद घालतात, ते इथे अजिबात नको. मोरचुदातलं तांबं कागदाच्या तंतूंचं विघटन वेगाने घडवून आणतं. वहीच्या पुठ्ठ्याला ते चालून गेलं, जलरंगाच्या कडेला नाही.

पट्टी कात्रीने कापायची नाही. पाण्याच्या ब्रशने रेघ ओढून हाताने फाडायची, म्हणजे कडेला तंतू सुटे राहतात आणि पुढून उठाव दिसत नाही. ए-थ्री आकाराच्या कामाला वरच्या कडेला दोन पट्ट्या, दोन-अडीच सेंटिमीटर रुंद, चित्राच्या मागे फक्त ३ ते ५ मिलिमीटरला खळ. खालची कड आणि बाजू मोकळ्या. चारही बाजूंनी चिकटवलेला कागद फुगायला जागा नसली की मध्ये उचलतो. पट्टीचा कागद चित्राच्या कागदापेक्षा नाजूक हवा. झटका बसला तर पट्टी तुटायला हवी, चित्र फाटायला नको.

खळ लावली की टिपकागद आणि काचेचं वजन, पाऊण तास. घाई करून अर्ध्या ओल्या पट्टीवर माउंट बंद केला तर त्या जागी गोल सुरकुती उमटते.

रविवर्मा प्रेसच्या ओलिओग्राफ पुष्कळदा जरी, साटीन, टिकल्यांनी सजवलेल्या असतात. त्यांना दीड मिलिमीटरचा नेहमीचा खिडकी-माउंट (मध्ये चौकोन कापलेला पुठ्ठा) पुरत नाही, टिकली काचेला टेकते आणि दमट दिवसांत चिकटते. तीन मिलिमीटरचा माउंट, शिवाय काचेच्या कडेने आतून पट्टी देऊन अंतर वाढवा. पेस्टल आणि कोळशाच्या कामांना ॲक्रिलिक शीट लावू नका, स्थिर विजेने ती भुकटी ओढून घेते. तिथे काचच.

दुसरा_चष्मा

सगळं मान्य, पण एक अडचण कोणी बोलत नाही. ५० लक्समध्ये वयस्क माणसाला दिसत नाही. पासष्टीच्या डोळ्याला तेवढाच तपशील बघायला पंचविशीच्या डोळ्याच्या काही पट उजेड लागतो. निवृत्त प्राध्यापक, विद्यार्थ्यांचे आजी-आजोबा येतात आणि "अंधार करून ठेवलाय" म्हणून पाच मिनिटांत परत जातात. जपलं कोणासाठी मग?

लक्स_पन्नास

प्रश्न रास्त आहे. तीन उपाय.

एक, डोळ्याला उतरत न्या. बाहेरच्या व्हरांड्यात ऊन, मग पहिल्या खोलीत २०० लक्स, पुढे १००, मग ५०. दगडाची शिल्पं किंवा प्रस्तावनेचा फलक त्या मधल्या जागेत ठेवला की चार-पाच मिनिटं आपोआप जातात. भिंतीचा रंग पांढराशुभ्र नको. पांढऱ्या भिंतीमुळे चित्र आणखी काळवंडलेलं वाटतं.

दोन, मर्यादा गुणाकाराची आहे. १०० लक्स ठेवून निम्मे तास दाखवा, तेवढंच पडतं. पेटीवर जाड कापडाचा पडदा, बघणाऱ्याने उचलायचा आणि सोडायचा. किंवा बटण दाबल्यावर दीड मिनिट लागणारा दिवा.

तीन, एलईडी ९० च्या वर सीआरआयचे (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा), २७०० ते ३००० केल्विन, म्हणजे पिवळसर उजेडाचे. त्याच ५० लक्समध्ये रंग जास्त खुलतात.

वहीचं_पान

याला जोडून बाहेरची दोन उदाहरणं, दोन्ही उपयोगी.

एडिंबरोच्या राष्ट्रीय कलादालनाला इंग्लिश चित्रकार टर्नरची ३८ जलरंग चित्रं संग्राहक हेन्री व्हॉन यांच्या मृत्युपत्राने मिळाली. अट अशी, की ती दरवर्षी फक्त जानेवारीत आणि विनामूल्य दाखवायची, कारण तिथे तेव्हा वर्षातला सगळ्यात मंद उजेड असतो. शंभराहून जास्त वर्षं ते चालत आलं आहे. तो 'टर्नरचा जानेवारी' लोकांच्या वर्षाचा भाग झाला. तिथे कारण उजेड, आपल्याकडे कारण दमटपणा, महिना मात्र तोच निघतो.

दुसरं हार्वर्ड विद्यापीठाचं. अमेरिकन चित्रकार मार्क रॉथ्कोची पाच मोठी भित्तिचित्रं तिथे १९६४ मध्ये होल्योक सेंटरच्या वरच्या मजल्यावरच्या जेवणघरात लावली. मोठ्या खिडक्या, भरपूर ऊन. रंगात लिथॉल रेड नावाचा लाल रंग होता, तो उन्हात टिकत नाही. किरमिजी रंग विटून फिकट निळसर झाले आणि १९७९ पर्यंत चित्रं काढून अंधारात ठेवावी लागली. नोव्हेंबर २०१४ मध्ये विद्यापीठाच्या संग्रहालयाने ती पुन्हा मांडली. कॅनव्हासला हात न लावता प्रोजेक्टरने जिथे जेवढा रंग गेला तिथे तेवढा प्रकाश टाकला. दुपारी चारनंतर प्रोजेक्टर बंद करायचे, म्हणजे समोर उभ्या माणसाला खरा उरलेला रंग दिसायचा. संग्रहालयाने झालेलं नुकसान लपवलं नाही, तेच शिकवायला घेतलं. विद्यापीठाच्या संग्रहालयाचं काम याहून चांगलं कुठे दिसेल?

तासिका_क्रमांक_चार

शिकवण्याचा विषय निघालाच आहे तर माझा आग्रह: भिंतीपेक्षा टेबलाचा विचार आधी करा.

हार्वर्डच्या त्याच संग्रहालयात एक अभ्यासखोली आहे, वेळ ठरवून कोणीही साठ्यातलं काम मागवून समोर बघू शकतं. आपल्याकडे साध्या खोलीतही हे जमतं, आणि लक्स-तासांचा हिशोब याच्या बाजूने आहे. टेबलावर ३०० लक्समध्ये एक तास वर्ग घेतला तर ३०० लक्स-तास. भिंतीवरचा एक आठवडा २,१००. म्हणजे एका आठवड्याच्या खर्चात सात वर्गांना ते काम चांगल्या उजेडात, हातभर अंतरावरून दिसतं. इतिहासाचा वर्ग, रसायनशास्त्राचा वर्ग, मराठीचा वर्ग, प्रत्येकाला वेगळं दिसतं.

पद्धत: एका वेळी १२ ते १५ विद्यार्थी, पाच कामं, जास्त नाही. सगळी माउंटमध्ये. टेबलावर कोरं सुती कापड, मध्ये दोरी नको, पण हात टेकायची जागा ठळक ठेवा. फक्त शिसपेन्सिल, बॉलपेन दारात ठेवून घ्यायचे. ओळखपत्राच्या लोंबत्या दोऱ्या शर्टात खोचायला सांगा, वाकल्यावर तीच प्लास्टिकची कडा चित्रावर घासते. मागणी दहा दिवस आधी, कारण काम साठ्यातून काढणं, स्थितीची नोंद, खोलीत आणून स्थिरावणं याला वेळ लागतो. त्या दिवसाचे लक्स-तासही कामाच्या कार्डावर चढवायचे.

सत्र सुरू व्हायच्या सहा आठवडे आधी विभागांना साठ्याची यादी पाठवा. सत्र सुरू झाल्यावर पाठवली तर अभ्यासक्रम ठरलेला असतो आणि भेट सहलीसारखी होते.

सुतारमेट

टांगणीचं थोडक्यात.

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटर. शाळेची मुलं आणि व्हीलचेअरवरचे लोक जास्त येत असतील तर १४०. हुकाची उंची = मध्य + चौकटीची निम्मी उंची − तार ताणल्यावर तिच्या शिखरापासून चौकटीच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर. ६० सेंटिमीटरची चौकट, तारेचं अंतर ६: १४७ + ३० − ६ = १७१. एका हुकावर टांगू नका, दोन हुक लावा, चौकट तिरकी होत नाही.

जुन्या इमारतीत चुन्याच्या भिंतीला प्लग धरत नाही, भुसा होऊन बाहेर येतो. छताजवळ रेल बसवून तिथून सळई सोडणं बरं. नवीन रंग दिला असेल तर दहा दिवस दालन उघडं ठेवून मगच चित्रं आत. नवीन प्लायवूडच्या पेट्यांना त्याहून जास्त, त्यातून निघणारी आम्लाची वाफ बंद पेटीत साठते.

मिरवणुकीच्या रस्त्यालगत इमारत असेल तर गणेशोत्सवात ढोल-ताशा आणि स्पीकरच्या भिंतींनी चौकटी हुकावर सरकतात. पेस्टल आणि भुकटी सुटणारी कामं त्या दिवसांत आडवी ठेवायची.

सह्याद्रीचा_पाऊस

उद्घाटनाबद्दल कळकळीने लिहितो, कारण हे सांगायला संकोच वाटतो आणि मग राहून जातं.

दीपप्रज्वलन व्हरांड्यात करा, दालनात नको. समईची काजळी आणि तेलाचे बारीक कण शेजारच्या चौकटींवर बसतात, आणि एसीच्या झोताने ज्योत कुठेही वळते. रांगोळी दारासमोर नको, तीच भुकटी चपलांखालून आत येते आणि काच पुसताना ओरखडे पाडते. उंबऱ्यापासून दहा-बारा पावलं दूर काढा. हार-गुच्छ आत आणू नका, फुलांतून कीड येते. सामोसे-चहा वेगळ्या खोलीत, आणि कचरा त्याच रात्री बाहेर.

किडीसाठी डांबरगोळ्या पेटीत टाकू नका, त्यांची वाफ कामांवर बसते. भिंत आणि जमीन मिळते त्या कडेला आणि दाराशी चिकट सापळे ठेवा, दर पंधरा दिवसांनी काय अडकलं ते लिहा. कसर वाढली म्हणजे तिथे ओल आहे, आधी ओल शोधा.

दुसरा_चष्मा

पाटीविषयी कोणी लिहिलं नाही. ५० लक्समध्ये १२ पॉइंटची पाटी वाचता येत नाही. देवनागरी किमान २० पॉइंट, आणि शेजारी इंग्रजी असेल तर देवनागरी दोन पॉइंट मोठी, कारण मात्रा-वेलांट्यांमुळे अक्षराचं अंग लहान पडतं. ओळींतली जागाही जास्त. एका पाटीवर ६० ते ७० शब्द, फिकट तपकिरीवर काळी अक्षरं. मराठी मजकूर आधी लिहा. इंग्रजीवरून उतरवलेली पाटी लगेच ओळखू येते.

आणि पोस्टर छापताना लक्षात असू द्या: चित्र विद्यापीठाच्या मालकीचं असलं तरी स्वामित्वहक्क मालकाकडे आपोआप येत नाही. चित्रकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं तो राहतो. वारसांची लेखी परवानगी छपाईच्या दोन महिने आधी मागा.

वहीचं_पान

सगळ्यांचे आभार. सुधारलेला आराखडा:

जुलै-सप्टेंबर, बिनएसीच्या दालनात दगड, टेराकोटा, सिरॅमिक. एसीच्या दालनात फक्त अभ्यासाचं टेबल. ऑक्टोबरमध्ये रंगकाम आणि पाट्यांची छपाई. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा ते जानेवारीचा पहिला आठवडा 'अ' संच, एक आठवडा बदल, मग फेब्रुवारीअखेर 'ब' संच. काळे लिथोग्राफ दोन्हींत तेच राहतील, त्यामुळे बदलाच्या आठवड्यात अर्धीच भिंत हलवावी लागेल.

बाहेरून उसनी कामं आणायची असतील तर पत्र मे महिन्यातच जायला हवं, सहा महिन्यांचा अवधी कमीत कमी. विमा खिळ्यापासून खिळ्यापर्यंत, म्हणजे त्यांच्या भिंतीवरून निघाल्यापासून परत तिथे लागेपर्यंत. खोका आला की २४ तास न उघडता दालनात ठेवायचा, उघडताना दोघांनी मिळून तिरप्या उजेडात फोटो काढायचे. तिरपा उजेड नसेल तर उचललेला रंग दिसत नाही आणि परत देताना वाद होतो.

खळ_आणि_कागद

एक भर घालतो. 'अ' संच उतरवल्यावर तसाच कपाटात ठेवू नका. प्रत्येक चौकट उलटी करून मागचा कागद बघा, पट्ट्या धरून आहेत का बघा, माउंट उघडून खिडकीच्या कडेने रंगाची रेघ पडली आहे का ते बघा. माउंटखालचा झाकलेला भाग आणि उघडा भाग यांत फरक दिसला तर ते काम पुढच्या वर्षीच्या यादीतून काढायचं. कार्डावर तारीख, आठवडे आणि लक्स-तास शिसपेन्सिलीने.